मोटरसायकल थांबवताना बसणारा शेवटचा गचका

ओंजळ

नमस्कार मंडळी. मोटरसायकल नव्यानेच शिकले आहे. याआधी बिनगियरची स्कूटर बरीच वर्षं चालवली, त्यामुळे तोल, रहदारी, आरशात बघणं यांची भीती नाही. क्लच सोडून निघणं, गियर चढवणं हेही आता बऱ्यापैकी जमतं. सगळं अडतंय ते थांबण्यापाशी.

होतं असं, की लाल सिग्नल दिसला की मी ब्रेक लावते, वेग कमी होतो आणि तोवर सगळं ठीक असतं. शेवटच्या दीड-दोन मीटरमध्ये मात्र गाडी पुढे दबते आणि थांबल्या क्षणी मागे उसळते. त्या हिसक्यात पाय कधी लवकर टेकतो, कधी उशिरा. मधूनच गाडी धडधडून बंद पडते. मग मागे हॉर्न सुरू झाले की न्यूट्रल सापडत नाही, स्टार्टर दाबताना क्लच सुटतो, सगळंच बिनसतं. आता तर लांबून सिग्नल दिसला तरी पोटात गोळा येतो.

गाडी १५० सीसी आहे, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला. उंची बेताची आहे. सीटवर बसल्यावर दोन्ही चवडे टेकतात, टाचा टेकत नाहीत.

मला वेगात चालवायची हौस नाही. गाडी माझ्या मनाप्रमाणे, शांतपणे थांबली पाहिजे, एवढंच हवंय. कशी तयारी करू? नुसतं "सवयीने येईल" सोडून काहीही सांगा.

भिरभिरा

सोपं आहे. पुढच्या ब्रेकला हातच लावू नका. मागचा ब्रेक दाबून थांबवा, गचका बसणार नाही. पुढचा ब्रेक लावला की गाडी घसरते, आमच्याकडे सगळे हेच सांगतात.

चक्रपाणी

भिरभिरा, राग मानू नका, पण नव्या चालकाला हा सल्ला देऊ नये असं मला मनापासून वाटतं. अगदी कमी वेगात, गर्दीतून रांगताना मागचा ब्रेक उत्तम, त्यात दुमत नाही. पण वेगातल्या गाडीला थांबवायची ताकद पुढच्या चाकात असते. एरवी दोन्ही चाकांवर साधारण निम्मंनिम्मं वजन असतं. मध्यम जोरात ब्रेक लागले तरी त्यातलं सुमारे पाऊण वजन पुढच्या चाकावर येतं. मागचं चाक हलकं होतं, म्हणून ते चटकन लॉक होऊन सरकतं. फक्त मागच्या ब्रेकची सवय लागली, की अचानक कोणी आडवं आल्यावरही पाय तेवढाच दाबणार आणि हात लिव्हरकडे जाणारच नाही.

आता ओंजळताई, तुमच्याकडे येतो. "थांबल्या क्षणी मागे उसळते" हे तुम्ही लिहिलंत, त्यातच निम्मं उत्तर आहे.

ब्रेक लागले की वजन पुढे सरकतं, पुढचे शॉकअप दबतात, तुमचं अंगही पुढे झुकतं. ब्रेकचा जोर तेवढाच आहे तोवर सगळं त्या दबलेल्या अवस्थेत स्थिर राहतं. चाक थांबलं की हा जोर एका क्षणात शून्य होतो. दबलेल्या स्प्रिंगा मोकळ्या होतात आणि गाडी मागे येते. म्हणजे तो गचका, ब्रेकचा जोर शेवटच्या क्षणापर्यंत तसाच राहिल्यामुळे बसतो. त्यात आणखी एक भर पडते. वेग अगदी कमी झाला की पॅडची पकड बहुतेक वेळा थोडी वाढते, त्यामुळे बोटांचा दाब तोच असला तरी शेवटी ब्रेक जास्त चावतो.

म्हणून जोर सुरुवातीला आणि मधल्या टप्प्यात वापरून घ्यायचा. शेवटच्या मीटर-दीड मीटरमध्ये पुढचा लिव्हर हळूहळू सैल करत आणायचा. चाक थांबेल तेव्हा पुढच्या लिव्हरवर बोटं नुसती टेकलेली असावीत आणि गाडी धरून ठेवायचं काम मागच्या ब्रेकने करावं. नव्या चालकाचा हात बरोबर उलटं करतो. सुरुवातीला बिचकत थोडासा दाबतो आणि पांढरी रेघ जवळ आली की आवळतो.

लिव्हर दाबायचीही एक रीत आहे. आधी त्यातली ढील घ्यायची. पॅड डिस्कला टेकले की बोटांना कळतं. तिथे क्षणभर थांबलं की वजन पुढे सरकून पुढचा टायर रस्त्यावर बसतो, त्यानंतर दाब वाढवायचा. भिजलेला स्पंज पिळताना हात जसा चालतो, तसा.

आणि ब्रेक लवकर सुरू करा. ४० च्या वेगावरून आरामात थांबायला साधारण २० मीटर लागतात. दहा मोटरसायकली एकामागे एक लावल्या तर होईल तेवढी जागा. तीच गाडी कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावले तर सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. तुम्ही २० मीटर आधी सुरुवात केलीत, तर शेवटी लिव्हर सैल सोडायला जागा उरते. १० मीटरवर सुरुवात केलीत तर ती उरणारच नाही, मग हात कितीही तयार असो.

ओंजळ

चक्रपाणी दादा, खूप आभार. मी आजवर उलट समजत होते, की शेवटी आवळल्याशिवाय गाडी थांबणारच नाही. एक शंका: लिव्हर सैल केला आणि गाडी रेषेच्या पुढे गेली तर? आणि या सगळ्यात क्लच कधी दाबायचा? शिकवणाऱ्यांनी "थांबताना आधी क्लच" असं सांगितलं होतं.

चक्रपाणी

रेषेच्या पुढे जाईल म्हणूनच पहिल्या सरावात रेघ नको. बरेच जण मैदानात गेल्या गेल्या खडूने रेघ मारतात आणि तिच्यावर थांबायला बघतात. रेघ दिसली की बोटं आवळणारच. आधी कुठेही थांबा, पण मऊ थांबा.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी सराव न थांबण्याचा आहे. रिकामी, सपाट, कोरडी जागा शोधा. दुसऱ्या गियरमध्ये २०-२५ चा वेग घ्या, दोन्ही ब्रेकनी गाडी चालत्या माणसाच्या वेगावर आणा आणि थांबायच्या आत ब्रेक सोडून पुन्हा पुढे जा. चालीच्या वेगावर आलात की क्लच अर्धा दाबायचा, नाहीतर इंजिन धडधडेल. पुन्हा पुन्हा हेच करा. यात हाताला फक्त एक गोष्ट शिकायची असते: वेग उतरत असताना दाबही उतरवायचा. पाय टेकायचा नाही, रेघ नाही, त्यामुळे डोकं मोकळं राहतं. हे जमलं की एखाद्या वेळी ब्रेक सोडून द्यायच्या ऐवजी तसाच हलका राहू द्या. गाडी आपोआप थांबेल आणि शॉकअप जवळपास हलणार नाही.

रेघ त्यानंतर. आणि रेषेच्या दोन हात अलीकडे थांबलात तर काही बिघडत नाही. सिग्नलला तेवढं पुढे सरकता येतं.

सांजवारा

ओंजळ, क्लचबद्दल मी लिहिते, कारण गाडी बंद पडण्याचं मूळ तिथे आहे.

अडचणीच्या वेळी, म्हणजे अचानक थांबायचं असेल तेव्हा, क्लच आणि दोन्ही ब्रेक एकदमच दाबायचे. तिथे विचार करायला वेळ नसतो. पण रोजच्या थांबण्यात क्लच आधी दाबला, की इंजिनची ओढ नाहीशी होते आणि गाडी मोकळी पळायला लागते. तेवढं सगळं काम ब्रेकवर पडतं. शिवाय तुम्ही चौथ्या गियरमध्येच उभ्या राहता.

माझा क्रम असा. आधी ॲक्सिलरेटर पूर्ण बंद. नुसतं एवढं केलं तरी गाडी मंदावते, ते अंगाला जाणवू द्या. मग दोन्ही ब्रेक हलके. वेग उतरेल तसा एकेक गियर खाली, दर वेळी क्लच सावकाश सोडत. दुसऱ्यात आल्यावर आणखी मंदावू द्यायचं. इंजिनचा आवाज जड व्हायला लागला, गाडी किंचित थरथरली, की क्लच पूर्ण आत. बऱ्याच गाड्यांत हे १० ते १५ च्या आसपास होतं. काट्याकडे बघत बसू नका, आवाजावर आणि सीटखालच्या थरथरीवर जा. क्लच दाबलेला असताना, गाडी अजून गडगडत असतानाच, पहिला टाका. आता थांबा.

गडगडत असतानाच का? उभ्या गाडीत गियरचे दाते समोरासमोर न येता अडतात आणि पायाने कितीही दाबलं तरी गियर उतरत नाही. बऱ्याच नव्या लोकांना वाटतं गाडी बिघडली. तसं झालंच, तर क्लच किंचित सोडून पुन्हा दाबा, किंवा गाडी वीतभर मागेपुढे करा, गियर पडतो.

तुम्ही न्यूट्रलचं लिहिलंत. थांबल्याबरोबर न्यूट्रल शोधायची घाई नको. मागून येणारी गाडी आपल्यामागे नीट थांबेपर्यंत पहिल्या गियरमध्ये, क्लच धरून उभं राहा आणि आरशावर एक नजर ठेवा. कोणी वेगात येताना दिसलं तर बाजूला सटकता आलं पाहिजे.

लांबचा_पल्ला

वर हाताचं आणि पायाचं सगळं आलंय. मी डोळ्यांचं सांगतो.

थांबताना नजर पुढच्या चाकापाशी गेली की गाडी डगमगतेच. नजर खाली, डोकं खाली, खांदे पुढे, आणि सगळा भार हँडलवर. भार पडला की हात ताठ होतात, आणि ताठ हाताने लिव्हर हळूहळू सोडता येत नाही. नजर समोर लांब ठेवा, चौकाच्या पलीकडची एखादी खूण धरा. रेघ डोळ्याच्या खालच्या कडेला दिसत राहते, तेवढी पुरते.

अंग धरायचं ते गुडघ्यांनी. ब्रेक लावायच्या आधी टाकीला गुडघे आवळा आणि पोट किंचित आत घ्या. मग पुढे झुकायला होत नाही. कोपरं वाकलेली, ढिली. स्कूटरवरून येणाऱ्यांना हे नवीन असतं, कारण स्कूटरला गुडघ्यांमध्ये धरायला काही नसतं आणि सगळा आधार हँडलचा घ्यायची सवय असते. ओंजळताई, तुमची निम्मी अडचण तिथली असू शकेल.

पाना_पक्कड

मी गाड्या दुरुस्त करतो, म्हणून थोडं गाडीच्या बाजूने. दोष नेहमी चालवणाऱ्याचाच असतो असं नाही.

सरावाला जायच्या आधी चेन बघा. ढिली चेन असली की ॲक्सिलरेटर सोडताना, धरताना, क्लच दाबताना दर वेळी झटका बसतो आणि नव्या माणसाला वाटतं आपलाच हात कच्चा. बऱ्याच छोट्या गाड्यांत चेन मध्यभागी २० ते ३० मिलिमीटर वर-खाली हलावी असं असतं, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत दिलेला असेल, तोच धरा. आयडलिंग (ॲक्सिलरेटर न देता इंजिन फिरतं तो वेग) फार कमी असेल तर क्लच दाबताना जरा उशीर झाला तरी गाडी बंद पडते. क्लचच्या केबलला थोडी ढील हवी. ती फार झाली की लिव्हर पूर्ण आत घेऊनही क्लच सुटत नाही, गियर अडतात आणि न्यूट्रल सापडत नाही. तुमचं न्यूट्रल सापडत नाही म्हणालात, म्हणून हे आधी बघा.

पुढचा लिव्हर स्पंजासारखा दबत असेल तर ऑइलमध्ये हवा किंवा ओल आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. ब्रेक लावताना लिव्हर बोटांखाली थडथडत असेल तर डिस्क वाकडी असू शकते. एबीएस चालू झाल्यावरही लिव्हर थडथडतो, पण तो जोरात ब्रेक लावल्यावर किंवा चाक घसरायला लागल्यावरच. ब्रेक लावताना हँडलच्या मुळाशी "टक" असा आवाज आला तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) तपासून घ्या. मागच्या ड्रमचा नट आवळून पायाला योग्य वाटेल तिथे ब्रेक लागेल असं करता येतं. पेडल फार खाली गेल्यावर लागत असेल तर दाब कमी-जास्त करणं अवघडच.

चेनला वंगण लावताना फवारा डिस्कवर किंवा टायरवर उडाला तर लगेच पुसा. यात हयगय नको.

भिरभिरा

चक्रपाणी, पटलं. पण मग पुढचा ब्रेक लावल्याने पडलेली माणसं दिसतात, ती का पडतात? माझ्या डोळ्यांसमोर पडलेत लोक.

चक्रपाणी

प्रश्न रास्त आहे. बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं. पहिलं, लिव्हर एकदम ओढला, वजन पुढे यायच्या आतच चाक लॉक झालं. दुसरं, खाली वाळू, बारीक खडी, सांडलेलं डिझेल, ओला रंगाचा पट्टा किंवा ओलं लोखंडी झाकण होतं.

तिसरं कारण नव्या लोकांना सगळ्यात जास्त भोवतं आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. गाडी चालीच्या वेगात आहे, हँडल वळलेलं आहे, आणि पुढचा ब्रेक ओढला. पुढचं चाक थबकतं, मागून येणारं वजन वळलेल्या बाजूला जातं आणि गाडी तिथल्या तिथे झोपते. एवढ्या कमी वेगात एबीएसही मदतीला येत नाही. पार्किंगमध्ये वळवून लावताना, यू टर्न घेताना पडणारी माणसं बहुतेक अशीच पडतात. म्हणून नियम: पुढच्या ब्रेकने थांबायचं असेल तर आधी हँडल सरळ. हँडल वळलेलं असेल आणि वेग अगदी कमी असेल तर फक्त मागचा ब्रेक. तुमचा सल्ला या एका जागी शंभर टक्के बरोबर आहे.

हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या मोटरसायकल अपघातांचा अभ्यास केला होता, त्याचा अहवाल १९८१ मध्ये आला. सुमारे ९०० अपघात त्यांनी जागेवर जाऊन तपासले. त्यात ठळकपणे दिसलं ते हे, की बहुतेक चालकांनी संकटाच्या क्षणी मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवलं आणि पुढचा पुरेसा वापरलाच नाही. पुढच्या ब्रेकची धास्ती जुनीच आहे, आणि महाग पडणारी आहे.

ओंजळ

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे आधी गाडी दाखवली. चेन खरंच ढिली निघाली आणि क्लचची केबलही. दोन्ही नीट केल्यावर न्यूट्रल आता सहज मिळतं.

मग मैदानात न थांबण्याचा सराव सुरू केला. दादा, तो फारच उपयोगी आहे! लिव्हर सैल होत जाताना शॉकअप सावकाश वर येतो ते आता पोटात जाणवतं. रांगत रांगत थांबते तेव्हा गाडी कधी थांबली ते कळतसुद्धा नाही.

पण पाय टेकायची वेळ आली की पुन्हा गचका. आज नीट लक्ष देऊन पाहिलं तेव्हा दिसलं, की डावा पाय पेगवरून (पाय ठेवायच्या दांडीवरून) उचलला की त्याच क्षणी उजव्या हाताची बोटं आवळली जातात. जणू दोन्ही एकाच दोरीला बांधलेत. पाय आणि हात वेगळे कसे करायचे? आणि चवडेच टेकतात, त्याची धाकधूक आहेच.

शेवंती

ओंजळ, मीही उंचीने लहान आहे आणि माझाही फक्त एकच चवडा नीट टेकतो, तोही सीटवरून जरा डावीकडे सरकल्यावर. वर्षानुवर्षं तशीच चालवतेय. दोन्ही पाय टेकायची गरजच नसते.

बोटं का आवळतात, ते सांगते. पाय उचलला की शरीराला वाटतं आधार गेला, मग हात मिळेल ते घट्ट धरतात. म्हणून आधार आधी दुसरीकडे द्यायचा. उजवी मांडी टाकीला घट्ट लावा, उजवा पाय मागच्या ब्रेकवर स्थिर. वजन उजव्या पेगवर आहे असं जाणवलं की मगच डावा पाय मोकळा.

याचा सराव बंद गाडीवर करा. गाडी मधल्या स्टँडवर लावा, डोळे समोर, उजव्या हाताची दोन बोटं लिव्हरवर नुसती टेकवून ठेवा. डावा पाय पेगवरून खाली न्या, परत वर आणा. बोटं हलली की कळेल. मधला स्टँड नसेल तर कोणाला तरी मागून गाडी धरायला सांगा. कंटाळवाणं वाटेल, पण बोटं सुटी होतात.

चालत्या गाडीवर पाय शेवटच्या क्षणापर्यंत पेगवरच ठेवा. लोक दहा मीटर आधीपासून दोन्ही पाय लोंबकळत ठेवून येतात. त्यात मागचा ब्रेक सुटतो, तोल बिघडतो, आणि पाय जमिनीला लागून मागे ओढला गेला तर पेग पोटरीवर आदळतो. चाक थांबतं, गाडी किंचित डावीकडे कलते, पाय तिला झेलतो. एवढाच क्रम आहे. गाडी डावीकडे कलावी म्हणून अगदी शेवटी कंबर जराशी डावीकडे सरकवली तरी पुरतं, हँडल मात्र सरळ.

टेकायच्या आधी जमीन बघा. थांबायची जागा दुरूनच हेरायची, म्हणजे अगदी शेवटी मान खाली घालावी लागत नाही. जिथे पाय पडणार तिथे खड्डा, उतार, खडी, तेलाचा डाग नको. बेताच्या उंचीच्या माणसाला दोन इंचांचा खड्डाही भारी पडतो. बूट न घसरणाऱ्या तळाचे घ्या. तळ थोडा जाड असेल तर टाचेचा प्रश्नही हलका होतो.

गडद_निळा

लिव्हरवर किती बोटं ठेवायची? मला चार बोटांनी शिकवलंय, इथे दोन लिहिलंय.

लांबचा_पल्ला

दोन्ही चालतं, पण माझं मत दोन बोटांचं आहे, डिस्क असेल तर. उरलेल्या बोटांनी ॲक्सिलरेटर हातात राहतो आणि दाब बारकाईने कमी करता येतो. पुढेही ड्रम असेल किंवा बोटांत जोर कमी असेल तर चार वापरा.

चक्रपाणी

माझा आग्रह नव्या चालकाने चार बोटांनी सुरुवात करावी असा आहे. अचानक थांबायची वेळ आली आणि दोनच बोटं लिव्हरवर असली, तर उरलेली दोन मधे चिमटतात आणि लिव्हर पूर्ण येत नाही, असं काही गाड्यांवर होतं. आपल्या गाडीवर उभ्या उभ्या तपासून बघा: दोन बोटांनी लिव्हर घट्ट दाबला तर तो बाकीच्या बोटांना टेकतो का? टेकत असेल तर चार.

सांजवारा

अचानक थांबण्याचा विषय निघालाच आहे, तर ओंजळ, मऊ थांबणं जमलं की लगेच त्याचाही सराव कर. भीती बरीचशी तिथून येते. गाडी झटकन थांबवता येते हा भरवसा असला, की रोजचं थांबणं आपोआप शांत होतं.

२० च्या वेगाने सुरू कर, सरळ रेषेत, कोरड्या जागी. दोन्ही ब्रेक, क्लच आत, नजर वर. दाब झपाट्याने वाढवायचा, पण हिसका न देता. मग ३०, मग ४०. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. जोरात ब्रेक लावले तर ३० ला सुमारे ५ मीटर, ६० ला सुमारे २०. शिवाय ६० च्या वेगात, हात लिव्हरवर जायला एक सेकंद लागला तर तेवढ्यात १६-१७ मीटर निघून जातात. हे आकडे डोक्यात असले की पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायला कोणी सांगावं लागत नाही.

तुझ्या गाडीला एबीएस पुढेच आहे, म्हणजे मागचं चाक लॉक होऊ शकतं. मागचं चाक सरळ रेषेत घसरत असेल तर पाय जरा सैल कर. पण गाडीची शेपटी बाजूला गेलेली असताना पेडल एकदम सोडू नकोस. चाकाला अचानक पकड मिळाली तर गाडी झटक्याने उलट्या बाजूला फेकते. तशा वेळी दाबलेला ठेवून, समोर बघत, थांबेपर्यंत जायचं.

ओंजळ

बंद गाडीवरचा पायाचा सराव केला. बोटं आता शांत राहतात! सिग्नलला थांबताना अजून मनातल्या मनात क्रम म्हणावा लागतो, पण गाडी बंद पडणं थांबलंय आणि मागचे हॉर्न ऐकू आले तरी हात थरथरत नाही. शेवंतीताई, कंबर सरकवायची युक्ती फारच कामाची, पाय आता नेमका वेळेवर पोचतो.

दोनच प्रश्न उरलेत. चढावर थांबताना काय वेगळं करायचं? आणि बहीण मागे बसायचं म्हणतेय, तिला कधी बसवू?

शेवंती

चढावर गाडी स्वतःहूनच मंदावते, त्यामुळे ब्रेक नेहमीपेक्षा उशिरा आणि हलका लागतो. थांबल्यावर मागचा ब्रेक दाबूनच ठेवायचा, उजवा पाय खाली टेकवायचा नाही. निघताना क्लच हळूहळू सोड, इंजिनचा आवाज बसला आणि गाडीचं नाक किंचित उचललं की ॲक्सिलरेटर थोडा दे आणि मग पाय सैल कर. उतारावर उलट: खालच्या गियरमध्ये ये, ब्रेक बऱ्याच आधी सुरू कर. रस्ता एका बाजूला उतरता असेल तर वरच्या बाजूचा पाय टेक. ती बाजू उजवी असेल तर उजवा पाय मागच्या ब्रेकवर राहत नाही आणि शेवटी सगळं पुढच्या लिव्हरवरच सांभाळावं लागतं, तेही एकदा मैदानात करून बघ.

सांजवारा

बहिणीला बसवायची घाई नको. एकटीने थांबताना मनात क्रम म्हणावा लागणं बंद झालं, की मग. पहिल्यांदा शक्यतो स्वतः गाडी चालवणाऱ्या कोणाला तरी मागे बसव, त्यांचं अंग आपोआप सावरलेलं असतं.

मागे माणूस असला की गाडी थांबायला वेळ जास्त लागतो आणि शेवटचा गचका दुपटीने जाणवतो, कारण मागच्याचं सगळं वजन तुझ्या पाठीवर येतं आणि हेल्मेटला हेल्मेट आपटतं. मागच्या चाकावर वजन असल्यामुळे मागचा ब्रेक मात्र एकटीपेक्षा जास्त कामाला येतो, तो मोकळ्या मनाने वापर. लिव्हर सैल करायला नेहमीपेक्षा थोडी आधी सुरुवात कर.

निघण्याआधी तिला तीन गोष्टी सांग. थांबल्यावरही पाय पेगवरच ठेवायचे, खाली सोडायचे नाहीत. ब्रेक लागताना एक हात टाकीवर टेकवायचा किंवा मागचं हँडल धरायचं, तुझ्या खांद्यावर भार द्यायचा नाही. आणि चढताना-उतरताना तू "हो" म्हणेपर्यंत हलायचं नाही. तोवर तुझे दोन्ही चवडे खाली आणि पुढचा ब्रेक धरलेला असला पाहिजे. टायरची हवा दोघांच्या वजनाप्रमाणे भर, आकडा बहुतेक गाड्यांवर चेनच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेला असतो.